शंकेची पारख
वसतिगृहातून निघून आम्ही संगणक कंपन्यांत रुजू झालो, तेव्हा एकच धास्ती होती: आपले अज्ञान उघडे पडणार. १९७८ साली पॉलिन क्लान्स व सुझॅन आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी यशस्वी स्त्रियांच्या अभ्यासातून या भावनेला नाव दिले. परंतु सहकारी 'कोट्यातून आलात का?' असे विचारतात, तेव्हा ती शंका बाहेरूनही पेरली जाते.

तथागतांनी कालामांना ऐकीव गोष्ट पारखून घेण्यास सांगितले. आम्हीही शंका पारखली. चाचणीत प्रोग्राम अडला, तर दोष त्या ओळीत असतो, आपल्या जन्मात नव्हे. अनुभवी सहकाऱ्यांचेही प्रोग्राम अडतातच. म्हणून माजी विद्यार्थ्यांनी शाळेत येऊन यशासोबत आपल्या चुकाही मुलांना सांगाव्यात, अशी आमची विनंती आहे.