आंब्याचं खातं

मागच्या महिन्यात इथे अमेरिकेत आपल्या मंडळात घरखर्चावर व्याख्यान झालं. वक्ते तरुण, तयारीने आलेले. तासभर त्यांनी आपल्याला बाहेरच्या कॉफीवरून झापलं. कॉफी सोडा, न बघितलेल्या मालिकांची वर्गणी बंद करा, वगैरे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग चहाच्या वेळी हापूसच्या नोंदणीची वही फिरली आणि त्याच मंडळींनी दोन-दोन, तीन-तीन पेट्या लिहिल्या. भाव कुणी विचारला नाही. विचारणं बरं दिसत नाही!

कॉफीने कुणाचं घर बुडत नाही हो. कॉफीच्या दुकानात आपण अजूनही डॉलरला रुपयांनी गुणतो आणि निम्म्या वेळा घरी येऊन पितो. गणित बिघडतं ते जिथे गुणायचंच नाही असं ठरवून टाकलंय तिथे. आंबा, सोनं, गणपतीचं मखर, मे महिन्यातलं तिकीट. हे आपल्या लेखी खर्चच नव्हेत, ही गावची ओढ. तिचा हिशेब मांडणारा कद्रू ठरतो.

आमच्याकडे लेकीला महिन्याचे पैसे बांधून दिलेत, तिचा तो साबुदाण्याच्या गोळ्यांचा चहा त्यातूनच येतो. परवा तिने विचारलं, "माझा चहा माझ्या पैशातून, मग बाबांचे आंबे कुणाच्या पैशातून?" बाबांनी तिला संस्कृतीवर भाषण दिलं. उत्तर काही दिलं नाही.

मी रत्नागिरीची, घरची बाग असलेली. हापूसवर जगणाऱ्या घरात हापूस असा खात नसत. मोठा, बिनडागाचा आंबा पेटीत जायचा आणि पेटी वाशीच्या बाजारात. घरात उरायचा तो डागी, वाऱ्याने पडलेला, आणि पोटभर खायला रायवळ. रस रायवळाचा, साठंही रायवळाची. पाहुणा आला तरच पेटीतली दोन फळं बाहेर निघत, तीही आईच्या परवानगीने. इथे आपण वर्षभर पाहुण्यासारखे जेवतो आणि आई कुणीच नाही.

आणि दलालाची उचल! फवारणी, राखणीसाठी हंगामाआधीच दलालाकडून पैसे उचलायचे, मग माल त्यालाच घालायचा, भाव तो देईल तो. तुडतुड्याने किंवा अवकाळी पावसाने मोहोर गेला की उचल पुढच्या हंगामाच्या डोक्यावर. आमच्याकडे उचल न फिटलेल्या घराबद्दल लोक हळू आवाजात बोलत. इथे एप्रिलात पेट्या, मेमध्ये चौघांची तिकिटं, मग गणपती, सगळं कार्डावर. दरमहा किमान रक्कम भरायची आणि उरलेल्यावर वर्षाला वीस टक्क्यांच्या वर व्याज. दिवाळी येते तरी एप्रिलातला आंबा फिटलेला नसतो. ही उचलच, फक्त दलाल दिसत नाही, म्हणून आवाज हळू करावा लागत नाही.

"पण आपल्या बागायतदाराला चार पैसे मिळतात ना?" हे दरवर्षी ऐकते. १९८९ पासून अमेरिकेत आपल्या आंब्याला बंदी होती. २००७ साली ती उठली ती विकिरणाच्या अटीवर. लासलगावच्या केंद्रातून आंबे आले. तेव्हापासून विकिरण, इथल्या कृषी खात्याची तिथे जाऊन होणारी तपासणी, विमानाचं भाडं, मग आयातदार, मग दुकानदार. पन्नासेक डॉलरच्या पेटीत सगळ्यांचा वाटा आहे. झाडाखाली उभा असलेला त्या रांगेत पहिला असतो आणि हिशेबात शेवटचा.

आपल्या आधी घर सोडून गेलेल्यांनाही ओढ होतीच. रत्नागिरी म्हणजे तेव्हा मनीऑर्डरवर चालणारा जिल्हा. मुंबईच्या गिरणीतला चाकरमानी पगार झाला की आधी गावचे पैसे काढायचा, मग खोली, खानावळ, भिशी. १९८२ च्या गिरणी संपात त्या मनीऑर्डरी आटल्या. पोस्टाने ती जुनी मनीऑर्डर २०१५ साली बंदही केली. पण रीत बघा: गाव त्याच्या खर्चात पहिल्या ओळीवर होतं, रकमेसकट. म्हणून ते पगारात बसायचं. आपल्या वहीत गावाला ओळच नाही.

फार कडक लिहिलं का? ज्यांचे आईवडील तिकडे एकटे आहेत, त्यांनी तिकिटाबद्दल माझं एक अक्षरही मनावर घेऊ नये. आणि आंबा खाऊ नका असंही मी म्हणत नाही. मीही त्या वहीत एक पेटी लिहिली आहे. सोन्याबद्दल तर बोलतच नाही, आमच्या घरात त्यावर एकमत नाही. गावच्या बंद घरांचा विषय मात्र कधीतरी निघायला हवा. अकरा महिने कुलूप, तरी कौलं परतवायची मजुरी आणि घरपट्टी द्यायचीच, आणि भावाला विचारायचं नाही. तो वेगळा लेख, आणि भाऊ वाचणार नाही अशा अंकात.

तूर्त कार्यकारिणीला एक सुचवते. आंब्याची नोंदणी दिवाळीनंतर लगेच घ्या. पेटीमागे दरमहा ठरावीक रक्कम जमा करा, भिशीसारखी. एप्रिलात कार्ड बाहेर काढायचं नाही, ज्याचे हप्ते पुरे त्याला पेटी. वही कुणी सांभाळायची हा प्रश्न येईल. मी सांभाळीन, पण वाटप दुसऱ्या कुणीतरी करावं. एप्रिलात मी रत्नागिरीला असेन.