माया आणि निगा

मराठी कुटुंब महाराष्ट्राबाहेर कितीही पिढ्या राहिले, तरी त्याच्या देवघरातील दत्ताच्या तसबिरीत चार श्वान असतातच. कुत्र्याने भाकरी पळविली तेव्हा कोरडी कशी खाईल म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावलेल्या नामदेवांची कथा आजही आजीच्या तोंडून नातवंडे ऐकतात. दारच्या कुत्र्यासाठी भाकरी काढून ठेवण्याची रीतही आमच्या इंद्रवेल्लीत अद्याप बऱ्याच घरांनी सांभाळली आहे. तेव्हा मुक्या प्राण्यांविषयी मायेचा तुटवडा आपल्याकडे आहे असे कोणी म्हणणार नाही. तुटवडा आहे तो निगेचा. मायेचा उमाळा आला की भाकरीचा तुकडा टाकता येतो. निगा मात्र रोज, ठरल्या वेळी आणि आठवणीने करावी लागते. या महिन्यात तिच्याविषयीच चार गोष्टी सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

पहिली गोष्ट बिनखर्चाची आहे. दिवसातून एकदा, शक्यतो सायंकाळी, प्राण्याच्या सर्वांगावरून सावकाश हात फिरवावा. कानाच्या मागे, मानेखाली, बोटांच्या बेचक्यांत गोचीड लपते. ती हाताला लागते, डोळ्यांना दिसत नाही. कानाला दुर्गंधी येते काय, हिरड्या गुलाबी आहेत की फिकट, डोळ्यांत चिपडे धरली आहेत काय, पायात काटा किंवा नखाला जखम आहे काय, हे सारे पाच मिनिटांत कळते. निरोगी स्थितीत आपला प्राणी कसा असतो हे हाताला एकदा ठाऊक झाले, की बिघाड त्याच दिवशी ध्यानात येतो. मांजर तर आजार लपविण्यात फार पटाईत. ते खाणे सोडून कोपऱ्यात जाऊन बसले, तर ‘रुसले असेल’ असे म्हणून दोन दिवस घालवू नयेत.

दुसरी गोष्ट अन्नाची. आपल्याकडे मांजराचे अन्न म्हणजे दूधभात, असे समीकरणच होऊन बसले आहे. वस्तुतः वयात आलेल्या बहुतेक मांजरांना दूध नीट पचत नाही आणि केवळ दूधभातावर मांजर जगू शकत नाही. मांस आणि मासळी यांत टॉरिन नावाचे एक द्रव्य असते. ते मांजराच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही, म्हणून अन्नातूनच मिळावे लागते. ते न मिळाल्यास मांजराची दृष्टी हळूहळू जाते आणि हृदय दुबळे होते. हृदयाच्या या विकाराचे कारण कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी १९८७ साली उजेडात आणले, आणि योग्य वेळी टॉरिन दिल्यास कित्येक मांजरे सुधारतात हेही दाखविले. आजीच्या काळातील मांजर दूधभातावर धडधाकट राहिले ते दूधभातामुळे नव्हे, तर माळ्यावरच्या उंदरांमुळे! आता पक्क्या घरात उंदीर राहिले नाहीत आणि मांजरही दाराबाहेर जात नाही. अशा मांजराला उकडलेली मासळी किंवा कोंबडीचे मांस द्यावे. ज्या घरी मांसमच्छी शिजत नाही, तेथे मांजरांसाठी मिळणारे तयार खाद्य आणावे. तेही जमण्यासारखे नसेल, तर मांजर पाळण्याचा मोह आवरावा, असे आम्ही स्पष्टच सांगू.

कुत्र्याचे तितके अडत नाही. भात, भाकरी, अंडी, मांस, ताक असे पुष्कळ काही त्याला चालते. परंतु कांदा-लसूण घातलेली आमटी आणि रस्सा त्याला घालू नये. कांद्याने कुत्र्याच्या आणि मांजराच्याही रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. त्यासाठी फोडणीपूर्वीच त्याचा वाटा वेगळा काढावा. मनुका, द्राक्षे आणि चॉकलेट यांनीही कुत्र्याला विषबाधा होते. शिजलेल्या हाडांच्या कपच्या आतड्यात रुततात. आणि एक मोठा इशारा: प्राणी तापला म्हणून घरातील गोळी त्याला देऊ नये. आपण ताप उतरविण्यासाठी घेतो त्या पॅरासिटामॉलची एक गोळीदेखील मांजराचा प्राण घेण्यास पुरते.

आमचा भाग कापसाचा. फवारणीची औषधे घरोघरी असतात, आणि गोचीड मारण्यासाठी तेच औषध पाण्यात कालवून कुत्र्याच्या अंगावर चोळणारे लोक आम्ही पाहिले आहेत. कुत्रे अंग चाटते आणि विष पोटात जाते. कातडीतूनही ते भिनते. थोड्याच वेळात तोंडातून लाळ गळू लागते, अंग थरथरते, झटके येतात. गोचिडांसाठी पशुवैद्यकाने दिलेलेच औषध वापरावे. तेही कुत्र्याचे मांजराला लावू नये, कारण कुत्र्याला सोसणारी काही औषधे मांजराला मारक ठरतात. फवारणीच्या दिवशी प्राण्याला शेतावर नेऊ नये, रिकामे डबे त्याच्या तोंडी लागू देऊ नयेत. उन्हाळ्यात दुपारचे कुत्रे सावलीत असावे आणि पाण्याचे मातीचे पसरट भांडे दिवसातून दोनदा धुऊन भरावे. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. ते धापा टाकूनच अंगातील उष्णता बाहेर टाकते. धाप थांबेना आणि पाय लटपटू लागले, तर अंगावर साधे पाणी ओतून, वारा घालून तत्काळ दवाखाना गाठावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि ती सांगताना आम्हांस आमचीच चूक कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या घरी एक पिल्लू आणले. ‘आज नेऊ, उद्या नेऊ’ असे म्हणता म्हणता त्याला लस टोचावयाची राहून गेली. एके दिवशी घरातील सात वर्षांच्या मुलाच्या पोटरीवर दातांचे दोन व्रण दिसले. व्रण दोन दिवसांचे होते. ‘सांगितले असते तर तुम्ही मोत्याला सोडून दिले असते,’ हे त्याचे उत्तर. त्या रात्री घरात कोणाचाही डोळा लागला नाही. मुलाला सुया टोचून घ्याव्या लागल्या. पिल्लू ठणठणीत राहिले आणि प्रसंग टळला. परंतु अपराध पिल्लाचा नव्हता, मुलाचाही नव्हता. तो आमच्या आळसाचा होता.

पिसाळ रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली, की माणूस वाचत नाही असेच धरून चालावे. मात्र लक्षणांपूर्वी त्याचा प्रतिबंध निश्चित होतो. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचली तेव्हापासून हा मार्ग मोकळा आहे. कुत्रे वा मांजर चावले, त्याने ओरखडले किंवा जखमेवर चाटले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट यांतील काहीही तीत भरू नये. धुऊन झाले की त्याच दिवशी दवाखान्यात जावे. शासकीय रुग्णालयांत ही लस दिली जाते. जखम खोल असल्यास लसीबरोबर आणखी एक औषध जखमेभोवती टोचावे लागते, हेही डॉक्टरांना विचारावे. पोटात चौदा सुया घेण्याचा काळ केव्हाच सरला. आता दंडावर मोजक्याच सुया पुरतात. आणि मुलांना इतके मात्र पढवून ठेवावे, की चावल्याचे सांगितले तर कोणी रागावणार नाही व मोत्यालाही कोणी सोडून देणार नाही.

पिल्लाला सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून इतर रोगांच्या लसी आणि तिसऱ्या महिन्यात पिसाळ रोगाची लस द्यावी. पुढे पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी. मांजरालाही ही लस हवीच. रानालगत राहणाऱ्यांवर तर दुहेरी जबाबदारी आहे. कुत्र्यांत आढळणाऱ्या डिस्टेंपर रोगाच्या विषाणूने १९९४ साली आफ्रिकेतील सेरेंगेटीत सुमारे एक हजार सिंह बळी घेतले, आणि २०१८ साली गीरमध्ये सिंह मेले तेव्हाही तोच विषाणू सापडला.

तारखा ध्यानात राहत नाहीत, अशी अनेक भगिनींची तक्रार असते. त्यावर आम्ही घरी एक युक्ती योजिली आहे. पौष अमावास्येला केस्लापूरला नागोबाची जत्रा भरते. त्या महिन्यात वार्षिक लस. आणि पाडवा, आषाढी, दसरा व जत्रा या चार वेळी जंताचे औषध. म्हणजे साधारण दर तीन महिन्यांनी ते आपोआप होते. जंताची अंडी अंगणातील मातीतून मुलांच्या पोटात जातात, म्हणून हे औषध मुलांसाठीही आहे असे समजावे.

दवाखान्यात भाषेची अडचण वाटू देऊ नये. पाटी तेलुगूत असली तरी तीवरील ‘पशुवैद्यशाला’ हा शब्द आपलाच आहे, आणि लसीला तेथेही ‘टीका’च म्हणतात. फक्त कुत्र्याला ‘कुक्क’ म्हणावे. ‘पिल्लू आणले आहे’ असे सांगाल, तर ऐकणारा मांजर शोधू लागेल. कारण तेलुगूत ‘पिल्लि’ म्हणजे मांजर!

आमचा मोत्या आता म्हातारा झाला आहे. हे लिहीत असता तो उंबऱ्याशी पडून आहे आणि सायंकाळच्या हाताची वाट पाहत आहे. तेव्हा लेखणी येथेच ठेवतो.