बांधावरची चिंच आणि घरचा धंदा

शेतीस जोडधंदा हवा, हे आता कोणास पटवून द्यावयास नको. परंतु धंदा कोणता करावा, असा प्रश्न निघाला की आपली दृष्टी प्रथम गावाबाहेर जाते. कोणी शहरात पाहिलेल्या यंत्राचे नाव घेतो, कोणी कर्ज मंजूर होण्याची वाट पाहत बसतो, तर कोणी शेजारच्या गावी पापड चालले म्हणून आपणही पापडच करू म्हणतो. आमच्या मते शोधाची सुरुवात येथून होऊ नये. जो माल आपल्या गावातून कच्चा जातो आणि तयार होऊन चढ्या भावाने विकला जातो, त्यातच घरगुती धंद्याची पहिली संधी असते. ती ओळखण्यास भांडवल लागत नाही. डोळस नजर लागते.

चिंचेचेच उदाहरण घ्या. मराठवाडा, नगर, सोलापूर या भागांत बांधावर चिंचेची जुनी झाडे आढळतात. त्यांस कोणी पाणी देत नाही, खत घालीत नाही. हिवाळा सरता सरता चिंच गाभुळू लागते आणि व्यापारी गावात येतो. उभ्या झाडाचा उक्ता सौदा होतो. झाडावर माल किती आहे, हे व्यापाऱ्यास अनुभवाने कळते. मालकास ते बहुधा ठाऊक नसते. पुढे तीच चिंच फोडण्यास गावातील भगिनी मजुरीने जातात. झाड आपले, श्रम आपले, कसबही आपले. हिशेब मात्र दुसऱ्याचा!

हा हिशेब फारसा अवघड नाही. १०० किलो अखंड चिंचेतून साधारणतः ५५ किलो गर, ३४ किलो चिंचोके आणि ११ किलो टरफल व शिरा निघतात. चिंचोका हा टाकाऊ माल नव्हे. त्याच्या पिठाची खळ कापडाच्या व तागाच्या धंद्यात वापरली जाते. गराचा भाव पुष्कळसा रंगावर ठरतो. ऊब व ओलावा लागला की चिंच काळी पडते व तिची किंमत उतरते. म्हणून ती उन्हात चांगली वाळवून, स्वच्छ करून, हवाबंद व थंड जागी ठेवणे हेच या धंद्यातील खरे कसब होय.

उक्त्या सौद्यात शेतकऱ्याची सोय आहे, हे आम्ही नाकारीत नाही. रोख रक्कम हाती पडते आणि उंच झाडावरून चिंच उतरविण्याचा धोका दुसरा पत्करतो. घरात लग्नकार्य असेल, तर ती रक्कम नाकारणे सोपे नसते. यास्तव सर्व झाडे राखा, असे आमचे म्हणणे नाही. तीन झाडे असतील तर दोन विकावी, एक घरी ठेवावे. त्याचा माल तोलून घ्यावा आणि उतरणावळ, फोडणावळ, पोती, वाहतूक हा सर्व खर्च वहीत लिहावा. घरच्या माणसांची मजुरीही चालू दराने धरावी. ती न धरल्यास नुकसानीचा धंदाही नफ्याचा भासतो. शेवटी हाती आलेली रक्कम उक्त्या भावाशी ताडून पाहावी. फायदा दिसला तर पुढील वर्षी दोन झाडे ठेवावी. न दिसला तर एका झाडापुरताच धडा मिळाला, असे समजावे.

लहान आरंभास कमी लेखू नये. १९५९ साली मुंबईत गिरगावातील सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला; त्यातूनच पुढे लिज्जत पापडाचा मोठा उद्योग उभा राहिला. त्यांनी नवे कसब शोधले नाही. घरोघरी येणाऱ्या कामास गिऱ्हाईक आहे, हे ओळखले. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम थांबले. पुढील वर्षी त्यांनी खाट व शेगडी आणली. खाटेवर पापड पसरून खाली शेगडी ठेवली. संधी ओळखणे ही पहिली पायरी. अडचण आल्यावर तिला धरून राहणे ही दुसरी.

ग्रामसेवकांचे काम येथेच सुरू होते. केवळ योजनांची माहिती सांगून भागणार नाही. गावातून कोणता माल कोणत्या महिन्यात कच्चा जातो, याची यादी त्यांनी गावकऱ्यांसह करावी. जवळच्या बाजारातील अखंड व फोडलेल्या चिंचेचे भाव सौद्याच्या दिवसांपूर्वीच गावात कळवावे. खाद्यपदार्थांच्या लहान व्यवसायासही अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. ती करून घेण्यास बचत गटांस साहाय्य करावे. यंत्राचा व कर्जाचा विचार त्यानंतर यावा. आधी गिऱ्हाईक, मग यंत्र, हाच क्रम सुरक्षित होय.

पेरणीस जशी वाफसा असते, तशीच संधीसही वेळ असते. सौदा झाल्यावर आलेले शहाणपण त्या वर्षी उपयोगी पडत नाही. म्हणून झाडावर चिंच गाभुळण्यापूर्वीच बांधावर फेरी मारावी, एक झाड निश्चित करावे आणि वहीचे पहिले पान उघडावे.