सवलतीचा कागद

मालेगाव-धुळ्याकडून येणारी एसटी नाशिकच्या द्वारका चौकात थांबते. उतरणाऱ्यांत काखेत फाइल आणि हातात एक्स-रेची मोठी पिशवी धरलेलं कुणी ना कुणी असतंच. काही जण शहरातल्याच कॅन्सर रुग्णालयाकडे रिक्षा करतात. काही जण पुणे रस्त्याने नाशिकरोड स्टेशन गाठतात, पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरतात आणि परळच्या टाटा रुग्णालयात, म्हणजे 'टाटाला', जातात. या फाइलींत रिपोर्टांइतकाच जपलेला आणखी एक कागद असतो. रेल्वेच्या सवलतीचा.

त्या कागदावर काय मिळतं? उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला सेकंड क्लास आणि चेअर कारमध्ये 75 टक्के सूट. स्लीपर आणि थर्ड एसीत तर भाडं पूर्ण माफ. सोबत एक माणूस असेल तर त्यालाही सवलत. मार्च 2020 मध्ये रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांची सवलत बंद केली, पण ही चालू ठेवली. रुग्णाने एकट्याने प्रवास करू नये, धरून नेणारं कुणी तरी हवं, हे तिकिटाच्या हिशेबात सरकारला मान्य आहे. चांगली गोष्ट आहे. मग मनाच्या हिशेबात हीच गोष्ट कुणी धरतं का?

'समुपदेशन कक्ष' अशी पाटी लावली की रुग्ण आपण होऊन येतील, असं अनेक रुग्णालयांना वाटतं. येत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या एका पाहणीत, मनाचा त्रास होत असूनही मदत नाकारणाऱ्यांनी सर्वांत जास्त दिलेलं कारण होतं, 'माझं मी बघून घेईन.' आपल्याकडे त्याला आणखी दोन कारणं जोडावी लागतील. एक म्हणजे, 'मला काय वेड लागलंय?' आणि दुसरं, जे कुणी बोलून दाखवत नाही: माझ्या दुखण्यापायी घर कर्जात गेलं, आता माझ्या भीतीचंही ओझं त्यांच्यावर कशाला टाकू?

पण हाच माणूस सवलतीच्या कागदासाठी तासन् तास रांगेत उभा राहतो. जनआरोग्य योजनेच्या मंजुरीसाठी, ट्रस्टच्या मदतीसाठी, मुंबईत मुक्कामाची सोय व्हावी म्हणून तो समाजसेवकाच्या टेबलासमोर येऊन बसतो. तिथे प्रश्न साधे असतात. शेती किती? घरात कमावतं कोण? मुलीचं लग्न झालं का? आणि या तिसऱ्या प्रश्नावर समोर बसलेली रुग्ण बाई रडायला लागते. डॉक्टरांसमोर जे निघालं नाही, ते इथे निघतं. आधाराकडे माणूस असाच येतो. मन घेऊन कुणी येत नाही, कागद घेऊन येतो.

ज्या टेबलावर माणूस आपल्या पायांनी येतो, त्याच टेबलावर मनाचं विचारायची सोय का नसावी? सध्या तिथे बघतात ते कागद: उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार कार्ड. झेरॉक्स जोडली की पुढचा नंबर.

आणि विचारलं तरी उत्तर कोण देतं? 'झोप लागते का?' हा प्रश्न सासऱ्यांना असतो आणि 'लागते की, रात्रभर झोपतात' हे सून सांगते. जेवण, दुखणं, काळजी, सगळ्यांची उत्तरं सोबतच्या माणसाकडे तयार. वर मुलगा डॉक्टरांना दाराबाहेर गाठून विनवतो, 'त्यांना काही सांगू नका, खचतील.' घरात आजाराला 'गाठ' म्हणायचं ठरलेलं असतं आणि किरणोपचाराला 'शेक'. रुग्णालयाच्या पाटीवर 'कॅन्सर' हा शब्द हातभर अक्षरांत असतो. वडिलांना वाचता येतं. ते काही बोलत नाहीत, कारण मुलगा खचेल. या घरांतली माया खरी आहे, म्हणूनच ही कोंडी घरच्या घरी सुटत नाही. ती फोडायला घराबाहेरचं माणूस लागतं, आणि सोबत्याला पाच मिनिटं बाहेर बसवावं लागतं.

याला फार मोठी सामग्री लागत नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात जिमी हॉलंड या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी 1977 पासून याच कामाची पायाभरणी केली. त्या वाटेवर पुढे जी साधनं तयार झाली, त्यांतलं एक अगदी साधं आहे. थर्मामीटरचं चित्र, शून्य ते दहा आकडे, आणि एकच प्रश्न: गेल्या आठवडाभरात जीव किती कासावीस झाला? चार किंवा त्याहून जास्त आकडा आला की पुढे विचारपूस करायची. सोबत अडचणींची यादी असते. तिच्यात भीती आणि उदासीबरोबर घर, पैसा, मुलांची सोय आणि गाडीची सोयही असते. येण्याजाण्याची अडचण आणि मनाची अडचण एकाच कागदावर. आपल्या टेबलावर पहिली आहे, दुसरी जोडायची राहिली आहे.

वेळ नाही, माणसं नाहीत, हे समाजसेवक सांगतील आणि ते खरंच आहे. एकेका खुर्चीवर तिघांचं काम आहे. ही पदं वाढवायलाच हवीत. पण तोवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी एक वाक्य बोलावं, 'समाजसेवक बाईंना भेटून या, तोही उपचाराचाच भाग आहे.' डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट आपला पेशंट टाळत नाही. मदतीला बरे झालेले रुग्णही घेता येतील. मुंबईत 1994 मध्ये वंदना गुप्ता यांनी, स्वतः कर्करोगातून बऱ्या झाल्यावर, 'व्ही केअर' संस्था सुरू केली. या आजारातून उठलेला माणूस खाटेशेजारी बसला की काय होतं, ते तिथे दिसलं आहे. नाशिकमध्ये असे बरे झालेले लोक कमी नाहीत. त्यांना कुणी बोलावलेलं नाही, एवढंच. 14416 या टेलिमानस मदतवाहिनीच्या क्रमांकावर 2022 पासून मनाच्या त्रासाबद्दल मराठीत बोलता येतं. तो क्रमांक सवलतीच्या कागदावर शिक्का मारून देता येईल.

आणि हे एकदा विचारून थांबू नये. उपचार संपले की घरचे निर्धास्त होतात, पाहुणे पेढे मागतात, आणि रुग्णाची भीती नेमकी तेव्हा जोर धरते. परत उलटलं तर? काही महिन्यांनी तपासणीची तारीख येते. रेल्वेची सवलत त्या फेरीलाही लागू आहे. कागद काढायला तोच माणूस त्याच टेबलावर पुन्हा येईल. त्या दिवशी सोबत्याला बाहेर बसवून तोच प्रश्न पुन्हा विचारायला हवा.