मदत हवी, जाहिरात नको

नाताळातल्या शेजारधर्माविषयीचे पत्र वाचले. एकट्या विडी कामगार आईच्या घरी शेजारणीने फराळ नेला, लेकरांना नवे कपडे घेतले, हे उत्तमच. पण ‘त्या मातेचे नाव व छायाचित्र छापा, म्हणजे मदतीचा ओघ लागेल’ ही पत्रलेखकाची सूचना पटत नाही. मुलांना शाळेत मान खाली घालायला लावणारी मदत काय कामाची?

शिवाय सण एका दिवसाचा, घरभाडे बारमाही. अटींत बसणाऱ्या विधवा, घटस्फोटित व परित्यक्ता महिलांना संजय गांधी निराधार योजनेतून दरमहा १५०० रुपये, तर एक पालक असलेल्या मुलांना बालसंगोपन योजनेतून दरमहा २२५० रुपये मिळू शकतात. घोडे अडते ते दाखल्यांपाशी. विडीची मजुरी नगावर. तहसीलची एक खेप म्हणजे त्या दिवसाच्या विड्या बुडाल्या. शेजाऱ्याची खरी गरज तिथे आहे.

पंडिता रमाबाई १८८२ मध्ये विधवा झाल्या, तेव्हा पदरी तान्ही मनोरमा होती. पुढे त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, नंतर पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगावात मुक्ती मिशन उभारले. तिथे बायकांना आसऱ्याबरोबर शिक्षण आणि हातात हुन्नर मिळाला. नाताळ पाळणाऱ्यांनी आणि न पाळणाऱ्यांनीही हा कित्ता गिरवावा.

करंज्यांचा डबा जरूर द्या. पण शेजारणीचा अर्जही भरून द्या आणि तहसीलला तिच्यासोबत जा. फोटो मात्र काढू नका.

– एक वाचक, सोलापूर