मोटारीचे नवे रूप कोणाच्या हिताचे?

मोटारीचे नवे रूप बाजारात आले की गतवर्षी घेतलेली गाडी एका रात्रीत जुनी ठरते. तिचे इंजिन पूर्वीइतकेच चालत असते. घटते ती तिची किंमत आणि मालकाचे समाधान. घराच्या खालोखाल मध्यमवर्गीय कुटुंबाची मोठी खरेदी मोटारीची. म्हणून हे रूपांतर घेणाऱ्याच्या हिताचे की विकणाऱ्याच्या, हे पाहणे अगत्याचे आहे.

ही प्रथा अमेरिकेतली. फोर्डचे ‘मॉडेल टी’ १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटींच्या संख्येने निघाले. त्यावर मात करण्यासाठी जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी दरवर्षी नव्या रूपाचा मार्ग धरला. ग्राहकाला आपल्या गाडीविषयी असमाधान वाटावे, हेच त्यामागचे इंगित होते.

म्हणून बदल नकोच, असे म्हणावयाचे काय? मुळीच नव्हे. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी १९६४ ची फियाट पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली आणि शतक संपेपर्यंत जवळजवळ तशीच राहिली. टॅक्सीवाल्यांची ती लाडकी. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिने मुंबईच्या टॅक्सीसेवेचा निरोप घेतला तेव्हा अनेकांना हळहळ वाटली. परंतु तिचे स्थैर्य हे बव्हंशी परवाना-राज्याचे अपत्य होते. स्पर्धा नव्हती, म्हणून सुधारणाही नव्हती. आणि ग्राहक वर्षानुवर्षे रांगेत उभा होता.

तेव्हा प्रश्न बदलाचा नसून बदलाच्या जातीचा आहे. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातील पाच लोकप्रिय लहान गाड्यांची टक्कर-चाचणी घेतली. पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. दिसावयास त्या आधुनिकच होत्या! चालकापुढील एअरबॅग सर्व मोटारींत आली ती १ जुलै २०१९ पासून सक्ती झाल्यामुळे. धूर कमी करणारी ‘भारत ६’ मानकेही १ एप्रिल २०२० रोजी कायद्यानेच लागू झाली. प्राण वाचविणाऱ्या सुधारणांना कायद्याची वाट पाहावी लागली. दिव्यांचा आणि जाळीचा आकार मात्र कोणाच्या आज्ञेवाचून बदलत राहिला.

या हौसेची झळ शहरापेक्षा खेड्याला अधिक. हिंगोली जिल्ह्यातील साखऱ्यासारख्या गावी गाडी घेणारा प्रथम विचारतो तो तिच्या सुट्या भागांविषयी आणि जवळच्या मिस्त्रीविषयी. २००० साली आलेली बोलेरो बाह्यरूपात फारशी न बदलता आजही खपते, हे या व्यवहारबुद्धीचेच द्योतक होय. तिच्यातही नव्या मानकांचे इंजिन बसले. त्यासाठी जुना आकार मोडावा लागला नाही. उलट, पूर्वी दिव्याची काच वा बल्ब बदलून भागत असे, तेथे आता अनेक गाड्यांत अख्खा दिवाच बदलावा लागतो. आणि रूप पालटले की जुना दिवा मिळविण्याची वणवण सुरू होते.

केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’ची भाषा केली व त्यात मोटारींचाही समावेश केला. तिला आता कायद्याचे बळ हवे. मॉडेल बंद झाल्यावर सुटे भाग किती वर्षे मिळतील, हे कारखानदाराने विक्रीच्या वेळीच लिहून द्यावे. ग्राहकानेही नव्या रूपाला भुलण्यापूर्वी एवढेच विचारावे: यात माझा जीव, माझे इंधन किंवा माझा दुरुस्तीचा खर्च यांपैकी काय वाचणार? तिन्हींचे उत्तर ‘काही नाही’ असे आले, तर दारातली गाडी अजून जुनी झालेली नाही, असे खुशाल समजावे.