फिके रंग, बारीक काठ

बँकेत आम्ही ठेवींची मुदत मोजतो. पुरवण्यांमधले फॅशन-सल्लागार बायकांची मोजतात. विशीत काहीही चालेल, तिशीत जरा बेताने, चाळिशी उलटली की फिके रंग नि बारीक काठ. साठीच्या पुढे तक्ताच संपतो!

अहो, पण हा तक्ता केला कुणी? काळा म्हणे प्रौढ बाईचा रंग, त्यात जाडी लपते. आमच्याकडे पहिल्या संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसवतात ती नव्या सुनेला. तिची कसली जाडी लपवायची असते? आणि हिरवंगार इरकली लुगडं नेसून बाजाराला जाणाऱ्या आज्या कुठल्या तक्त्यात बसवायच्या?

मला याला जुनाच वास येतो. एके काळी विधवेचं केशवपन करून, लाल आलवण नेसवून तिला माजघरात बसवीत. तोही ‘शोभेल असं’ नेसण्याचाच सल्ला होता, आणि देणारे घरातलेच शहाणे होते. आजचे गोड बोलतात, एवढंच.

पुरुषांच्या वाटेला मात्र कुणी जात नाही. आमचे साहेब निवृत्तीला सहा महिने उरलेले असताना पोपटी टी-शर्ट घालून शनिवारी शाखेत येतात. पट्टा पोटाखाली कुठेतरी असावा. कुणाची हूं की चूं नाही.

सौ.नी पंचेचाळिसाव्या वर्षी येवल्याची राणी रंगाची पैठणी घेतली. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “छान! मुलीला होईल हो पुढे.” मुलगी नेसेल तेव्हा नेसेल. या दिवाळीला ही नेसणार आहे. हप्ते मी भरतोय.